मदत हवी आहे: सोनोग्राफीत ‘पॅराथायरॉईडला सूज’ लिहून आलंय, आईला कॅल्शियम द्यायचं की थांबवायचं?

उमरीकर

केळापूर तालुका, जिल्हा यवतमाळ. प्रश्न आईबद्दल आहे. वय ५४, वजन ४८ किलो. दीड वर्षापासून अंग ठणकतं, पायरी चढताना मांड्यांत जोर राहत नाही, खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. मार्चमध्ये ६ मिमीचा मुतखडा पडून गेला. बद्धकोष्ठ आहे, तहान फार लागते, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठते. साखर नॉर्मल.

तालुक्याच्या लॅबचे आकडे: कॅल्शियम ११.४, अल्ब्युमिन ३.४, फॉस्फरस २.३, अल्कलाइन फॉस्फटेज ३१०, क्रिएटिनिन ०.८, व्हिटॅमिन डी ११, पीटीएच १८६. मानेच्या सोनोग्राफीत डाव्या थायरॉईडच्या खालच्या टोकामागे १४ × ८ मिमीची काळसर गाठ दिसली. शेवटी लिहिलंय, ‘पॅराथायरॉईड इन्फ्लमेशन?’

सूज म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक झालं, डायक्लोफेनॅकची दोन इंजेक्शनं झाली. फरक शून्य. मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणि डीच्या ६०,००० युनिटच्या आठ पुड्या मिळाल्यात, त्या अजून सुरू केल्या नाहीत. बीपीची एकच गोळी चालू आहे, टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ एकत्र.

ही सूज औषधानं उतरते का? पुड्या द्यायच्या का? गाठीत सुई टाकून तपासा असं सांगितलंय, ते करायचं का? आणि घरी पिण्याला बोअरचं पाणी आहे, गावात बऱ्याच पोरांचे दात तपकिरी आहेत, त्याचा याच्याशी काही संबंध असतो का?

डॉ_वर्धाकाठ

उमरीकर भाऊ, पुड्या आणि कॅल्शियम सुरू केलं नाहीत हे फार बरं झालं. तसंच थांबा.

पहिले ‘सूज’ या शब्दाचं बघू, कारण अँटिबायोटिक त्या एका शब्दापायी झालं. थायरॉईडला खरी सूज येते. मान दुखते, कधी ताप येतो, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बदलतो. पॅराथायरॉईडचं तसं नाही. या ग्रंथींत दाहाच्या पेशी शिरणं अतिशय विरळ आहे, ते दिसतं सूक्ष्मदर्शकाखाली, आणि तेही बहुतेकदा दुसऱ्याच कारणानं काढलेल्या ग्रंथीत. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती या ग्रंथींवर उलटली तर ग्रंथी बंद पडते, म्हणजे कॅल्शियम कमी होतं. आईचं वाढलंय. सोनोग्राफीच्या पडद्यावर दाह ओळखता येत नाही. तिथं इतकंच कळतं की नॉर्मलला जी ग्रंथी दिसतही नाही, ती मोठी होऊन दिसायला लागली आहे.

या चार ग्रंथी असतात, थायरॉईडच्या मागे चिकटलेल्या. एकेक तुरीच्या डाळीएवढी, वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. काम एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. कॅल्शियम जरा उतरलं की पीटीएच, म्हणजे या ग्रंथींचं हार्मोन, सोडायचं. ते हाडातून कॅल्शियम ओढतं, मूत्रपिंडाला कॅल्शियम वाचवायला आणि फॉस्फरस टाकायला लावतं, आणि व्हिटॅमिन डीला कामाच्या रूपात आणतं. कॅल्शियम वर गेलं की पीटीएच खाली आलंच पाहिजे. आईचं कॅल्शियम वर आहे आणि पीटीएचही वर आहे. म्हणजे एक ग्रंथी कोणाचं ऐकत नाही. याला प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम म्हणतात. शंभरातल्या ऐंशीहून जास्त रुग्णांत एकाच ग्रंथीची साधी गाठ असते, कॅन्सर अगदी क्वचित. १४ मिमीची गाठ त्यात बसते. फॉस्फरस २.३ हेही त्याच बाजूचं.

कॅल्शियमचा आकडा मात्र अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रोटीनबरोबर वाचायचा. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ नं गुणून मिळवायचं. ४ वजा ३.४ म्हणजे ०.६, गुणिले ०.८ म्हणजे जवळपास ०.५. आईचं खरं कॅल्शियम ११.९ आहे. वरची हद्द १०.५ धरली तर १.४ नं जास्त. आपल्याकडे अंगात प्रोटीन कमी असलेली माणसं पुष्कळ. नुसता ‘११ च्या आसपास, ठीक आहे’ म्हणून कागद परत देतात, आणि माणूस दोन-दोन वर्षं मालिश आणि दुखण्याच्या गोळ्यांवर काढतो. या आजारात हे सगळ्यात जास्त खटकतं.

आता आजपासून. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, मे महिन्यात त्याहून थोडं वर. अंगातलं पाणी आटलं की कॅल्शियम झपाट्यानं चढतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा वेगळा आजार असेल तरच मोजून प्यायचं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन बंद. चढलेलं कॅल्शियम आणि या गोळ्या मिळून मूत्रपिंडाला मार बसतो, दुखलं तर पॅरासिटामॉल. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीतलं कॅल्शियम अडवून रक्तात वाढवतं. हे आकडे त्या एकट्यानं झालेले नाहीत, पण ते भर घालतंय. गोळी मनानं बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगून थायझाइड नसलेली गोळी घ्या.

दूध, दही, तीळ नेहमीसारखं चालू राहू दे. खाण्यातलं कॅल्शियम तोडलं तर ग्रंथी आणखी पीटीएच सोडते आणि हाडातून आणखी ओढते.

उलट्या सुरू झाल्या, आई गुंगीत राहायला लागली, असंबद्ध बोलायला लागली किंवा कॅल्शियम १४ च्या पुढं गेलं, तर ती इमर्जन्सी. सलाइन लावून कॅल्शियम उतरवावं लागतं, त्या रात्रीच दवाखाना.

जांभळी_टोपी

लॅबकडून चार गोष्टी. मोठ्या दवाखान्यात जाण्याआधी रक्त परत काढाल तेव्हा कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि पीटीएच एकाच वेळी, एकाच टोचणीत द्या. सोमवारचं कॅल्शियम आणि पुढच्या शनिवारचं पीटीएच यांची जोडी लावता येत नाही.

दंडाला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त नको आणि मूठ उघड-मीट करायला लावू नये. पट्टा घट्ट राहिला तर कॅल्शियम खोटं वाढतं.

नळ्यांचं नीट बघा. पीटीएचला जांभळ्या टोपीची नळी चांगली, त्यातल्या ईडीटीए या रसायनामुळे हार्मोन टिकतो. नागपूरला नमुना पोचेपर्यंत दिवस जातो, साध्या नळीत तोवर पीटीएच उतरून जातो. पण कॅल्शियमसाठी जांभळी नळी कधीच नाही. ईडीटीए कॅल्शियमलाच धरून ठेवतो. लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं ओतलं, की रिपोर्टात कॅल्शियम ४ आणि पोटॅशियम १४ असं काहीतरी येतं. असा कागद दिसला तर घाबरायचं नाही, नळी चुकलेली असते. परत काढायचं.

केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. पुष्कळ मशिनांवर त्यानं पीटीएच खोटा कमी येतो.

मग २४ तासांची लघवी. ही तपासणी सगळ्यात जास्त बिघडते, कारण नीट कोणी सांगत नाही. लॅबमधून पाच लिटरचा डबा आणा. सकाळी ६ ची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची. त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ची पहिली, ही सगळी डब्यात. एक जरी वेळ बाहेर गेली तर तो दिवस सोडा, नवा दिवस धरा. डब्यात ॲसिड घातलेलं असतं, त्यामुळे थेट डब्यात नको. मगात घ्यायची आणि हळू ओतायची, डबा पोरांपासून दूर. वेचणीला किंवा निंदणाला जायचं नसेल असा दिवस निवडा. शेतात गेलेली बाई दुपारची लघवी डब्यात आणत नाही, आणि मग कॅल्शियम कमी येऊन सगळं निदानच फिरतं.

लॅबला लघवीचं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन दोन्ही काढायला सांगा. नुसतं कॅल्शियम कामाचं नाही.

उमरीकर

डॉक्टरसाहेब, जांभळी टोपी, फार आभार. लघवीची तपासणी कोणीच लिहिली नव्हती. पीटीएच आणि कॅल्शियम दोन्ही वाढलेलं आहे तर मग ती कशाला लागते?

डॉ_वर्धाकाठ

एक जन्मजात प्रकार असतो. त्यात कॅल्शियम ओळखणारा संवेदकच मंद असतो. रक्तात कॅल्शियम थोडं वाढलेलं, पीटीएच नॉर्मल किंवा जरासा वर, पण लघवीत कॅल्शियम फारच कमी. घरात आणखी कोणाचं तरी तसंच असतं. त्या माणसाची मान उघडली तर काहीच फायदा होत नाही. आईला मुतखडा झालाय, पीटीएच १८६ आहे, म्हणजे तो प्रकार असण्याची शक्यता कमीच. पण मानेला चीर देण्याआधी हा कागद हातात असलाच पाहिजे.

हिशेब घरीही होतो. (लघवीचं कॅल्शियम गुणिले रक्ताचं क्रिएटिनिन) भागिले (रक्ताचं कॅल्शियम गुणिले लघवीचं क्रिएटिनिन). उत्तर ०.०१ च्या खाली आलं तर तो जन्मजात प्रकार आधी धरायचा. ०.०२ च्या वर गेलं तर ग्रंथीचा आजार. मधलं आलं तर जनुकाची तपासणी.

वैनगंगा

पाण्याचा प्रश्न वाजवी आहे, सोडू नका. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कित्येक गावांच्या बोअरमध्ये फ्लोराइड जास्त आहे. तपकिरी डागाचे दात ही त्याची पहिली खूण. फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं वरून दाट होतात आणि आतून कमकुवत राहतात. नवं हाड कॅल्शियम ओढून घेतं, रक्तात ते कमी पडतं आणि पॅराथायरॉईड त्याची भरपाई करायला वाढतात. इथं पीटीएच वाढतं, पण कॅल्शियम कमी किंवा नॉर्मल असतं. डीच्या कमतरतेतही असंच, किडनी कमजोर झाली तरी असंच. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या रुग्णांत हे वारंवार दिसतं. ग्रंथी तिथं आपलं कामच करत असते, तिला काढायचं नसतं.

आईचं कॅल्शियम ११.९ आहे, त्यामुळे एकट्या फ्लोराइडवर हे ढकलता येणार नाही. पण दोन्ही एकत्र असू शकतं. अल्कलाइन फॉस्फटेज ३१० दोन्हीत वाढतं. म्हणून दोन साधे एक्स-रे करा. कोपरापासून मनगटापर्यंत हात, आणि दोन्ही पंजे. हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुन्यासारखी रेघ दिसली तर फ्लोराइड. पंजाच्या एक्स-रेत बोटांच्या मधल्या पेरांची अंगठ्याकडची कड बघायला सांगा. ती कुरतडल्यासारखी असेल तर पॅराथायरॉईडनं हाड खाल्लंय. तालुक्याच्या साध्या मशिनवर हे दिसतं, फक्त बघणाऱ्याला कशासाठी ते सांगावं लागतं.

पाणी तपासायला एक लिटर प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत द्या. काच नको. बोअर पाच मिनिटं चालवून मग भरायचं. एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची हद्द. पाणी उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तुरटी-चुन्यानं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं बसवली आहे. पण तिचं प्रमाण पाण्याच्या क्षारतेवर ठरतं, घरी अंदाजानं तुरटी टाकण्यात अर्थ नाही. जवळ उथळ विहीर असेल तर आधी तिचं पाणी तपासा, पुष्कळदा उथळ विहिरीत फ्लोराइड बोअरपेक्षा कमी असतं.

उमरीकर

पाण्याची बाटली उद्याच देतो. आता सुईचं सांगा कोणी. तारीख शुक्रवारची दिली आहे.

टाके_आणि_गाठ

शुक्रवारची सुई रद्द करा. थायरॉईडच्या गाठीत सुई टाकतात म्हणून इथंही टाकायची, हे बरोबर नाही. पॅराथायरॉईडच्या गाठीत सुई टाकली तर आत रक्त साकळतं, ग्रंथी आजूबाजूला चिकटते, आणि ऑपरेशनमध्ये आवाजाची नस सोडवणं अवघड होऊन बसतं. पेशी वाटेत सांडून तिथं नव्या गाठी वाढल्याचीही उदाहरणं आहेत. आणि इतकं करून कळणार काही नाही, निदान रक्तानं झालेलं आहे.

स्कॅनबद्दलही तेच सांगतो. सेस्टामिबी स्कॅन निदानासाठी नसतो, गाठ कुठं आहे ते शोधायला असतो. शिरेतून टेक्नेशियमचं औषध देतात, १०–१५ मिनिटांनी एक फोटो आणि साधारण २ तासांनी दुसरा. थायरॉईडमधून औषध ओसरतं, बिघडलेल्या ग्रंथीत टिकून राहतं. अर्धा दिवस धरून जा. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं नसतं. लहान गाठी, दोन-तीन ग्रंथी वाढलेल्या असल्या तर स्कॅन चुकतो. तुमच्याकडे सोनोग्राफीत जागा दिसतेय, स्कॅनही तिथंच दिसला तर सर्जन मानेला लहान चीर देऊन तेवढीच ग्रंथी काढू शकतो.

ऑपरेशन लागणार का, हे विचारलं नाहीत पण विचाराल. लागणार. कॅल्शियम हद्दीच्या १ पेक्षा जास्त वर, मुतखडा, हाडांचं दुखणं. यातलं एकच असतं तरी सांगितलं असतं, इथं तीनही आहेत. गोळ्यांनी कॅल्शियम काही काळ उतरवता येतं, पण गाठ जात नाही. व्हिएन्नात १९२५ साली फेलिक्स मांडल यांनी अशी पहिली गाठ काढली. शंभर वर्षं झाली, आजही पक्का इलाज तोच.

नागपूरला मेडिकल, सुपरस्पेशालिटी, एम्स आहे. वर्धेकडे सेवाग्राम आणि सावंगी. पांढरकवड्याहून हिंगणघाटमार्गे नागपूर दीडशे किमी, त्यामुळे जाण्याआधी ओपीडीला फोन करून तीन गोष्टी विचारा: एंडोक्रिनॉलॉजीची (हार्मोनच्या आजारांची) ओपीडी कोणत्या वारी, सेस्टामिबी तिथंच होतो की बाहेर पाठवतात, आणि ऑपरेशन चालू असताना पीटीएच मोजायची सोय आहे का. पीटीएच रक्तात काही मिनिटंच टिकतो. म्हणून गाठ काढल्यावर १० मिनिटांत तो निम्म्यानं किंवा जास्त उतरला, की खरी गाठ निघाली असं धरतात. सोय नसेल तर सर्जननं चारही ग्रंथी डोळ्यानं बघाव्यात. आणि या ग्रंथींची किती ऑपरेशनं करता, हे सर्जनला सरळ विचारा. चांगला सर्जन रागावत नाही. जन आरोग्य योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे भरतीच्या आधी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

ऑपरेशननंतरचं आत्ताच वाचून ठेवा, गावाकडच्या रुग्णाचं तिथं बिनसतं. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, डी कमी, हाडं उपाशी. गाठ निघाली की हाडं रक्तातलं कॅल्शियम शोषून घेतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ते सगळ्यात खाली जातं. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, मग हाताची बोटं जुळून आत वळतात. तोवर माणूस घरी आलेला असतो, आणि घराजवळ कॅल्शियम मोजायची सोय नसते. म्हणून दुसऱ्याच दिवशी सुट्टी देत असतील तर चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत दवाखान्यात किंवा नागपुरातच नातेवाइकाकडे राहा, आणि रोज कॅल्शियम बघायला सांगा.

गोळ्यांचं: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं. जेवणासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट लागत नाही. लोहाची किंवा थायरॉईडची गोळी असेल तर तिच्यापासून ४ तास दूर. सोबत कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं तयार कामाचं रूप) देतील. ते आणि डीची पुडी या दोन वेगळ्या गोष्टी, एकाच्या जागी दुसरं देऊ नका. मुंग्या वाढल्या किंवा हात वळला तर पीएचसीत कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिलीची अँप्युल असते. ती डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून १० मिनिटांत हळू द्यायची, घाईनं ढकलली तर हृदय थांबू शकतं. शिरेबाहेर गेली तर चामडी जळते. त्याच नळीतून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक नको. सुट्टीच्या कागदावर हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, म्हणजे रात्री ड्युटीवर असेल त्याला तुम्हाला समजावत बसावं लागणार नाही.

डॉ_वर्धाकाठ

डीच्या पुड्यांचं राहिलं. डी ११ आहे, ते भरायचं आहेच, आणि ऑपरेशनआधी भरलं तर नंतर कॅल्शियम कमी कोसळतं. पण कॅल्शियम ११.९ असताना ६०,००० च्या आठ पुड्या मनानं द्यायच्या नाहीत. एंडोक्रिनॉलॉजिस्ट लहान डोस देऊन दर काही दिवसांनी कॅल्शियम बघतील. ६ लाख युनिटचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर नाही म्हणा. ते अंगात महिनोन्महिने राहतं, काढून घेता येत नाही.

उमरीकर

दोन आठवड्यांनी लिहितोय. सुई रद्द केली. बीपीची गोळी बदलून घेतली. एकाच टोचणीत रक्त दिलं: कॅल्शियम ११.६, अल्ब्युमिन ३.५, क्रिएटिनिन ०.८, पीटीएच २१२. २४ तासांची लघवी दुसऱ्यांदा नीट जमली: कॅल्शियम ३४०, क्रिएटिनिन ८५० मिलिग्रॅम. पंजाच्या एक्स-रेत दोन बोटांची कड कुरतडलेली आहे. हाताच्या पडद्यात रेघ नाही. पाण्यात फ्लोराइड १.८ आलं, आता शेजारच्या विहिरीचं पाणी द्यायला टाकलंय. माय म्हणते पाणी जास्त पिल्यापासून डोकं हलकं वाटते, बाकी ठणका तसाच.

डॉ_वर्धाकाठ

४८ किलोला ८५० म्हणजे किलोमागे १७.७ मिलिग्रॅम क्रिएटिनिन. बाईमाणसाचं साधारण १५ ते २० येतं, तेव्हा डबा पूर्ण भरला होता. (३४० गुणिले ०.८) भागिले (११.६ गुणिले ८५०), उत्तर ०.०२७६. जन्मजात प्रकार नाही. पडद्यात रेघ नाही म्हणून फ्लोराइड बाजूला ठेवता येतं, पण १.८ चं पाणी घरात कोणालाच नको, पोरांना तर मुळीच नाही. थायझाइड थांबवूनही दोन आठवड्यांत कॅल्शियम उतरलं नाही, अल्ब्युमिन धरून १२ आहे, त्यावरून मूळ कारण ग्रंथीच आहे.

ओपीडीचा वार पक्का करा. एक्स-रेच्या फिल्म, सोनोग्राफीचा फोटो, जुना आणि नवा दोन्ही कागद, आणि बंद केलेल्या गोळीचं पाकीट न्या. कॅल्शियमच्या आकड्याशेजारी अल्ब्युमिन पेनानं लिहून ठेवा, गर्दीत ते पान उलटायचं राहून जातं. प्रवासात पाण्याची बाटली हाताशी असू द्या, बसमध्ये लघवी लागेल म्हणून पाणी न पिणं नको. हिंगणघाटला उतरवून घ्या.